तरफेच्या बंदुकीची सुधारणा

बंदूक म्हटली की लोकांना तिची नळी तेवढी दिसते. आज आपण तिच्या पोटात डोकावणार आहोत. कारण तरफेच्या बंदुकीचा खरा इतिहास तेथेच घडला.

१८६० साली अमेरिकेत बेंजामिन टायलर हेन्री याने आपल्या रायफलीचे एकस्व घेतले. चापाभोवतीची तरफ खाली ढकलून पुन्हा वर घेतली की रिकामे काडतूस बाहेर पडे, घोडा चढे आणि नवे काडतूस नळीत जाई. अशी पंधरा-सोळा काडतुसे एकदम भरता येत. कारखान्याचे धनी ऑलिव्हर विंचेस्टर मूळचे शर्ट शिवून विकणारे! पण काडतुसांची नळी खालून उघडी असल्याने आत धूळ जाई, आणि काडतुसे रेटणारी कळ सरकत येऊन पुढच्या हाताला अडे. भरायचे तेही तोंडाकडून. १८६६ साली नेल्सन किंग याच्या युक्तीने बाजूला भरण्याचे दार आले, हाताखाली लाकूड आले. एवढ्याशा डागडुजीला इतिहास म्हणावे काय? आम्ही म्हणू, प्लेव्हन्याला विचारा. १८७७ साली तेथे उस्मान पाशाच्या तुर्की शिपायांनी दूरवर पीबॉडी-मार्टिनी चालविली आणि शत्रू जवळ येताच विंचेस्टर उचलली. रशियाचे हल्ले पुन:पुन्हा मोडले. डिसेंबरात शहर पडले ते वेढ्याने.

तथापि वेग होता, तरी बळ नव्हते. आतली जोडकडी ताठ केलेल्या गुडघ्यासारखी पाचर धरून ठेवी. जबर दारू तिला सोसेना. १८७३ साली पितळी सांगाडा जाऊन लोखंडी आला, ४० ग्रेन दारूचे काडतूस आले, पण गुडघा तोच. सैन्याच्या एकबारी स्प्रिंगफील्डमध्ये तेव्हा ७० ग्रेन दारू असे. ते काडतूस विंचेस्टरच्या तरफेच्या बंदुकीला पेलले १८८६ साली. जॉन ब्राउनिंगने तरफेबरोबर वर चढणारे दोन उभे अडसर बसविले, दाराला घालतात तसे.

चापाची गोष्ट थोडक्यात सांगतो. १८७३ च्या बंदुकीत तरफ पुरती मिटल्याशिवाय चाप ओढलाच जात नसे. पाचर अर्धी उघडी असता बार उडाला तर आग तोंडावर येणार! जादा पैसे मोजणाऱ्यास आधी पुढे ढकलून मग हलक्या स्पर्शाने सुटणारा चाप मिळे. तो आम्हांला शौकाचा भाग वाटतो.

नेमाचे तसे नाही. खाच, माशी आणि सावज तीन अंतरांवर. डोळ्याला एका वेळी एकच स्पष्ट दिसते. १८७९ साली विल्यम लायमन याने घोड्याच्या मागे, डोळ्याजवळ, बारीक काठाचे कडे बसविण्याचे एकस्व घेतले. कड्यातून पाहताना डोळा आपोआप मध्य शोधतो. सांभाळायची ती माशी आणि सावज.

एवढे होऊनही अमेरिकन सैन्याने १८९२ साली बोल्टची क्राग स्वीकारली. जमिनीला पोट लावून पडलेल्या शिपायाने तरफ खाली ढकलावी कोठे? तरफ शिकाऱ्यांकडे राहिली. मात्र पहिल्या महायुद्धात बंदुकांचा तुटवडा पडला तेव्हा ब्राउनिंगच्याच १८९५ च्या बनावटीच्या सुमारे तीन लाख तरफेच्या रायफली एका देशाने विंचेस्टरकडून घेतल्या. तो देश रशिया.