खांद्यातला कफ

शिंपी शर्टाच्या बाहीला जो कफ लावतो, तोच शब्द शरीरशास्त्रात शिरून खांद्यापाशी बसला आहे. ‘रोटेटर कफ’ म्हणजे दंडाच्या हाडाच्या गोल डोक्याभोवती गुंडाळलेली स्नायूंची पट्टी.

खांद्याला आपण उखळीचा सांधा म्हणतो, पण उखळ खोल असतं. खवाट्याची खोबण बशीसारखी उथळ. लिंबू-चमच्याच्या शर्यतीत लिंबू जसं चमच्यात टेकलेलं असतं, तसं हाडाचं डोकं तिथं टेकतं. हात उचलताना वरचा दांडगा डेल्टॉइड स्नायू ते डोकं वर ओढतो. त्याला खोबणीत दाबून धरतात चार स्नायू: पुढून सबस्कॅप्युलॅरिस, वरून सुप्रास्पायनेटस, मागून इन्फ्रास्पायनेटस आणि टेरिस मायनर. चौघे खवाट्यावरून निघतात आणि हाडाला चिकटण्याआधी त्यांच्या कंडरा एकमेकींत मिसळून जातात. शिवण शोधून सापडत नाही.

या कंडरा फाटतात, हे लंडनच्या जे. जी. स्मिथ यांनी 1834 मध्ये शवविच्छेदनावरून लिहिलं होतं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. 1895 मध्ये क्ष-किरण आले, पण त्यांत हाडं दिसली, कंडरा नाहीत. बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट अमोरी कॉडमन मात्र दुखऱ्या खांद्यांचा पिच्छा पुरवत राहिले. सुप्रास्पायनेटसची तुटलेली कंडरा शिवल्याच्या दोन यशस्वी शस्त्रक्रिया त्यांनी 1911 मध्ये प्रसिद्ध केल्या. ऑपरेशननंतर रोग्याचं पुढं काय झालं, हे प्रत्येक रुग्णालयानं तपासून जाहीर करावं, असा त्यांचा आग्रह होता. त्यापायी त्यांनी सहकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. 1934 मध्ये त्यांचं खांद्यावरचं मोठं पुस्तक आलं.

त्यात त्यांनी ‘स्नायू आणि कंडरांचा कफ’ अशा अर्थाचा शब्द वापरला. ‘रोटेटर’ हे विशेषण नंतर रूढ झालं. मला कॉडमन यांचाच शब्द जास्त प्रामाणिक वाटतो. सुप्रास्पायनेटस हात फिरवण्यापेक्षा उचलायलाच अधिक मदत करतो, आणि चौघांचं मोलाचं काम फिरवण्याइतकंच धरून ठेवण्याचं आहे.

कॉडमन 1940 मध्ये गेले. त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो 2014 मध्ये. फिजिओथेरपिस्ट मात्र आजही त्यांच्या नावाचा व्यायाम शिकवतात. कमरेत वाकायचं, दुखरा हात सैल सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा झुलू द्यायचा. हाताचा भार जमिनीकडे जातो आणि दुखावलेल्या कंडरेला तो उचलावा लागत नाही.