खालच्या अंगाचं पाणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नदीकाठच्या जुन्या गावांत पाणवठ्याचा एक अलिखित कायदा असे. वरच्या अंगाला प्यायचं पाणी भरायचं, त्याखाली आंघोळी, त्याखाली धुणं आणि अगदी खाली गुरं. ऐकायला हा क्रम शहाणपणाचा वाटतो आणि तो तसा आहेही. पण गुरांच्याही खाली कोण पाणी भरायचं, हे कुणी मोठ्यानं बोलत नसे. अनेक गावांत ज्यांना पाणवठ्यावर पाय ठेवायची बंदी होती, ते. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाणी प्यायले, तेव्हा आव्हान या न बोललेल्या ओळीलाही होतं. वरच्यानं वापरायचं आणि खालच्यानं सोसायचं, ही रीत आपल्याकडे कारखाने येण्याच्या पुष्कळ आधीची आहे.

मी कविता लिहिणारा माणूस. अर्थशास्त्राशी माझी ओळख बी.ए.च्या वर्गापुरती. त्या वर्गात 'बाह्यता' असा एक कोरडा शब्द भेटला होता. दोघांच्या व्यवहाराचा परिणाम त्या व्यवहारात नसलेल्या तिसऱ्यावर झाला, तर त्याला बाह्यता म्हणायचं. आपल्या मराठीत याला फार रसरशीत बोली आहे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! कारखानदार कापड रंगवतो, गिऱ्हाईक ते विकत घेतं, दोघंही खूश. रंगाचं पाणी ओढ्यात जातं आणि चार मैल खाली कुणाची तरी विहीर नासते. विहीरवाला त्या सौद्यात नव्हताच. त्याचं नुकसान कापडाच्या किमतीत धरलेलं नाही, म्हणून कापड स्वस्त. स्वस्त म्हणून जास्त खपतं, आणि जास्त खपतं म्हणून ओढ्यात आणखी रंग जातो. दुष्टपणा कुणाच्याच मनात नसताना हे चक्र फिरत राहतं.

केंब्रिजचे प्राध्यापक आर्थर पिगू यांनी १९२० साली आपल्या ग्रंथात हे सविस्तर मांडलं. त्यांच्या उदाहरणांत आगगाडीच्या इंजिनाच्या ठिणग्या आहेत. ठिणग्या उडतात, रुळालगतचं रान जळतं, आणि रेल्वे कंपनीच्या खतावणीत त्या रानाचं नाव कुठेच नसतं. पिगूंचा उपाय असा, की सरकारनं त्या नुकसानीएवढा कर बसवावा. मग ठिणगीची किंमत तिकिटात उतरेल आणि कंपनी आपण होऊन ठिणग्या कमी करायचा मार्ग शोधेल. उलट, एखाद्याच्या कामानं तिसऱ्याचं भलं होत असेल, तर त्याला अनुदान द्यावं. सरकारी धोरणांची एक मोठी शाखा या साध्या विचारावर उभी आहे.

पण सरकार हलतं कधी? लंडनची गोष्ट सांगण्यासारखी आहे. थेम्स नदीत शहराची घाण वर्षानुवर्षं जात होती, कॉलऱ्यानं हजारो माणसं मरत होती. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीची दुर्गंधी पार्लमेंटच्या इमारतीत शिरली. खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून पाहिले, तरी सभासदांना बसवेना. मग मात्र काही आठवड्यांत कायदा झाला आणि जोसेफ बॅझलगेट या इंजिनिअरनं भुयारी गटारांचं जाळं उभारलं. काम खरोखर अजोड होतं. फक्त ती घाण शहराच्या पूर्वेला, नदीच्या खालच्या अंगाला, तशीच कच्ची सोडली जायची. १८७८ साली 'प्रिन्सेस अ‍ॅलिस' ही प्रवासी बोट नेमकी त्याच भागात बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली, आणि नदीतली घाण हेही मृत्यूचं एक कारण असल्याची चर्चा तेव्हा झाली. त्यानंतर मैला वेगळा काढण्याची सोय झाली. म्हणजे पहिल्या दुरुस्तीनं लंडनच्या मध्यवस्तीचा त्रास मिटला आणि तो खाली सरकला. हे सरकणं लक्षात ठेवा. आपल्याकडेही तेच दिसणार आहे.

आता उल्हास नदीकडे येऊ. राजमाचीच्या डोंगरात उगम, मग कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण आणि शेवटी वसईची खाडी. मी राहतो ते शिरगाव बदलापूरच्या पूर्वेला, रुळांच्या डोंगराकडच्या बाजूला. या मार्गावर १८५६ साली आगगाडी आली. पिगूंचा धूर आणि ठिणग्या आमच्याकडे त्यांच्या पुस्तकाच्या सहा दशकं आधीच पोचल्या होत्या. १९२९ च्या सुमारास कल्याण-पुणे मार्गावर विजेची इंजिनं आली आणि रुळालगतचा धूर संपला. त्या विजेसाठी कोळसा जळू लागला तो ठाकुर्लीच्या चोळा वीजघरात. धूर गावोगावचा गेला आणि एका चिमणीशी गोळा झाला.

याच नदीनं आम्हाला चांगली बाह्यताही दाखवली. कोकणातल्या पुष्कळ नद्या होळीपर्यंत आटतात, उल्हास मात्र बारमाही. त्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात भिवपुरीच्या वीजकेंद्राचं. टाटांनी घाटमाथ्यावर आंध्रा नदीला ठोकरवाडी येथे धरण बांधलं, पाणी कड्यावरून खाली आणलं आणि १९२२ पासून भिवपुरीला वीज निघू लागली. त्यांना हवी होती मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज. पाणी हे त्यांच्या लेखी वापरून झालेलं. ते पेज नदीतून उल्हासला मिळालं. वाटेत राजनाला कालव्यावर कर्जतच्या शेतकऱ्यानं उन्हाळी भात काढला आणि खाली शहरं वाढली. आमच्या नळाला मे महिन्यात पाणी येतं, त्यात या अजाणता झालेल्या उपकाराचा मोठा वाटा आहे. पण हे पाणी मुळात जाणार कुठे होतं? आंध्रेतून इंद्रायणीत, तिथून भीमेत आणि पंढरपूरकडे. वारकऱ्यांच्या वाटेचं पाणी घाट उतरून आमच्या बादलीत आलं आहे. ज्याला आपण फुकटचा लाभ म्हणतो, त्याचीही एक खालची बाजू असते. ती पूर्वेकडे, दुष्काळी मुलखात आहे.

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सुमारे लाखभर सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळालं. बराकींत राहणाऱ्या या लोकांनी हाताला मिळेल तो धंदा उभा केला. तिथल्या मालावरच्या 'यूएसए' शिक्क्याचे विनोद आपण सगळ्यांनी ऐकले आहेत. त्यामागची जिद्द मात्र विनोदाची नाही. पुढे १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर इथं कारखान्यांचे पट्टे पडले आणि त्यांच्यासाठी बारवी धरण बांधलं गेलं. पाणी आणण्याची योजना आधी झाली. वापरलेलं पाणी कुठे जाणार, हा विचार मागाहून आला. वाटेत वालधुनी होतीच.

वालधुनी ही लहानशी नदी अंबरनाथजवळ काकोळ्याच्या बाजूनं निघते आणि अकराव्या शतकातल्या शिलाहारकालीन शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. मंदिराच्या शिल्पांत नदीदेवता कोरणारे कारागीर याच पाण्यावर जगले असणार. गेल्या काही दशकांत याच नदीला लोक नाला म्हणू लागले. नदीला नाला म्हटलं, की मन निर्धास्त होतं.

कायद्याच्या बाबतीत महाराष्ट्र मागे नव्हता. जलप्रदूषणाचा राज्याचा कायदा १९६९ चा, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ सप्टेंबर १९७० मध्ये स्थापन झालं. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९७४ साली आला. १९७७ मध्ये पाणी उपकराचा कायदा झाला आणि पिगूसाहेब आपल्या देशात कागदावर अवतरले. कारखान्यांनी आणि नगरपालिकांनी पाणी वापराप्रमाणे उपकर द्यायचा, घाण करणाऱ्या वापराला दर जास्त, शुद्धीकरण यंत्रणा बसवली तर सवलत. कल्पना उत्तम, पण दर हजार लिटरमागे काही पैसे इतकाच. एवढ्यासाठी कोण यंत्रणा बसवील? उपकर भरणं सोपं आणि तो चुकवणं त्याहून सोपं. नेदरलँड्सनंही १९७० च्या कायद्यानं असाच आकार बसवला. तिथं मोजमाप पाण्यात सोडलेल्या घाणीचं होतं, दर चांगला बोचणारा होता, आणि आलेला पैसा शुद्धीकरण केंद्रांवरच खर्च झाला. कारखान्यांनी काही वर्षांतच आपली घाण कितीतरी कमी केली. आपला उपकर २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू होताना रद्द झाला. त्याच्यासाठी कुणी हळहळलं नाही, हेच त्याचं मूल्यमापन म्हणायला हवं.

दरम्यान, १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं 'प्रदूषण करील तो भरपाई देईल' हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग असल्याचं सांगितलं. २०१० च्या हरित लवादाच्या कायद्यात ते स्पष्ट शब्दांत आलं. आणि तरीही नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस एका रात्री उल्हासनगरात टँकरमधलं रसायन वालधुनीत ओतलं गेलं. काठच्या वस्तीतल्या शेकडो माणसांना श्वास घेता येईना, त्यांना इस्पितळात न्यावं लागलं. टँकरवाल्याचं गणित साधं होतं. रसायन रीतसर नष्ट करायला पैसे पडतात, रात्रीची नदी फुकट असते.

'वनशक्ती' या संस्थेनं उल्हास आणि वालधुनीचा प्रश्न हरित लवादापुढे नेला. २०१५ साली लवादानं सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना आणि इथल्या नगरपालिकांना कोट्यवधी रुपयांची भरपाई ठोठावली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. मला त्या निकालाचं स्वागतच वाटलं, पण एक गाठ सुटत नाही. दंड नगरपालिकेला झाला, तर भरणार कोण? घरपट्टी भरणारा. त्यात ज्याच्या दारातून तो नाला जातो, तोही आला. घाणीचा त्रासही त्याचा आणि दंडातला वाटाही त्याचा.

त्यानंतर २०१८ च्या सुमारास न्यायालयाच्या आदेशानं उल्हासनगरातले जीन्स धुण्याचे आणि रंगवण्याचे शेकडो छोटे कारखाने बंद करण्यात आले. आठवड्याच्या वारांप्रमाणे रंग बदलणारी वालधुनी जरा निवळली. पण पाठोपाठ आसपासच्या ग्रामीण भागातल्या शेडमध्ये तेच काम सुरू झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. असं काम केलेला एक तरुण मला रेल्वेच्या डब्यात भेटला. कोपरापर्यंत निळसर झालेले हात, नखांत नीळ. मी विचारलं, आता काम कुठे? म्हणाला, "चाचा, गाँव की तरफ. वहाँ पूछने कोई नहीं आता." त्याच्या पगारात त्या हातांची किंमत धरलेली नव्हती, आणि कारखाना बंद झाला तेव्हा त्याच्या बुडालेल्या महिन्यांचाही विचार कुठल्या आदेशात नव्हता. बाह्यतेच्या चर्चेत आपण खालच्या गावाविषयी बोलतो. कारखान्याच्या आतही एक खालचं अंग असतं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ साली देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. एकूण ३५१ पट्टे, त्यांतले ५३ महाराष्ट्रात. सर्व राज्यांत जास्त. उल्हास त्या यादीत आहे. आणि यात दोष फक्त कारखान्यांचा नाही. नदीत जाणारा मोठा भाग घरगुती सांडपाण्याचा आहे. दर उन्हाळ्यात मोहने परिसरात जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. त्याचं खत बऱ्याच अंशी तुमच्याआमच्या स्नानघरांतून जातं.

शिरगावचा माणूस इथं विचित्र जागी उभा आहे. कर्जत-नेरळच्या हिशेबानं आम्ही खालच्या अंगाला. त्यांनी सोडलेलं पाणी बदलापूरच्या बॅरेजवर शुद्ध करून आमच्या नळाला येतं. आणि आमच्याकडचे ओढे रूळ ओलांडून नदीकडे जातात. तिथून थोडं खाली, जांभूळला, औद्योगिक महामंडळ पाणी उचलतं, त्याच्याही खाली कल्याण आणि उल्हासनगर. पंचवीस वर्षांपूर्वी इथं भातशेती होती, आता सात-सात मजले आहेत. मोठ्या संकुलांना स्वतःचं सांडपाणी शुद्ध करण्याची अट असते. यंत्रणा बसते, उद्‌घाटनाचा नारळही फुटतो.

अशाच एका संकुलाच्या सभेला मी मध्यंतरी बसलो होतो. विषय होता मासिक देखभाल खर्च. एकानं मांडलं, प्रक्रिया यंत्रणेचं वीजबिल फार येतं, ती रात्री बंद ठेवली तर प्रत्येक घरामागे काही रुपये वाचतील. "नाहीतरी पाणी पुढे नाल्यातच जातं ना?" समोरच्या खुर्च्यांवर बऱ्याच माना डोलल्या. सेक्रेटरी तरुण होता. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, तुम्ही लिहिणारे आहात, तुम्हीच सांगा." मी विचारलं, जांभूळच्या खाली तुमचं कुणी राहतं का? एक बाई मागून म्हणाल्या, "माझी मुलगी दिलीय कल्याणला." सभेत जरा चुळबुळ झाली, मग कुणीतरी चहा मागवला. ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला आहे. यंत्रणा अजून चालू आहे, असं वॉचमन सांगतो.