कुडाचे घर आणि रानाचा हक्क

पर्यावरणस्नेही घर हा शब्दप्रयोग आता जाहिरातींतूनही वाचावयास मिळतो. छपरावर सौरपट्ट्या, पावसाचे पाणी साठविणारी टाकी, कमी विजेवर जळणारे दिवे असे त्याचे चित्र असते आणि ते विकत घ्यावे लागते. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्यात भिल्ल आणि पावरा कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जी घरे बांधीत आली, त्यांना मात्र हे बिरुद कोणी लावले नाही. शासकीय कागदावर ती 'कच्ची घरे' म्हणूनच राहिली. हे घर कसे उभे राहत होते आणि ते कोणत्या कारणांनी बदलले, हे जाणून घेतल्याशिवाय आज आपण आपल्या घराविषयी फारसे काही शहाणपणाचे बोलू शकणार नाही, असे आम्हांस वाटते.

अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांतील डोंगराळ पाड्यांवर घरे एकमेकांना खेटून नसतात. प्रत्येक घर आपापल्या शेतात उभे असते. खांब आणि आढे सागाचे, कारण सागाच्या लाकडातील तेलामुळे त्याला वाळवी सहसा लागत नाही. भिंती कुडाच्या, म्हणजे बांबूच्या ताट्या किंवा तुराट्या बांधून त्यांवर माती आणि शेण यांचा गिलावा दिलेल्या. वर पूर्वी गवत, पुढे नळीची कौले. एकाच छपराखाली माणसे, गुरे, कोंबड्या आणि शेणाने लिंपलेली धान्याची कणगी. घर बांधण्याचे काम एकट्याचे नसे. नर्मदेच्या खोऱ्यात परस्परांच्या कामाला जाण्याच्या रीतीला 'लाह' म्हणतात. त्या रीतीने शेजारी येत, दिवसभर राबत, जेवून घरी जात. मजुरी चुकती करावयाची ती त्यांच्या घराच्या वेळी, आपल्या श्रमाने.

केरळात वास्तव्य केलेले ख्रिस्ती वास्तुशिल्पी लॉरी बेकर (१९१७–२००७) सांगत असत की, आदर्श घराचे साहित्य पाच मैलांच्या परिसरातच मिळावे, हा गांधीजींचा विचार त्यांच्या मनात कायमचा रुजला. सातपुड्यातील घर ही कसोटी सहज उतरत होते. अर्थात पाच मैलांपलीकडून साहित्य आणावयास रस्ताच नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. या घराचे उगीच गोडवे गाऊ नयेत. चुलीचा धूर स्त्रियांच्या आणि तान्ह्या बाळांच्या छातीत जात होता, गवती छपराला आगीचे भय होते आणि पावसाळ्यापूर्वीची शाकारणी एक वर्ष चुकली तर भिंतीची माती वाहून जात होती. तथापि मे महिन्याच्या उन्हात हे घर आतून सुसह्य राहत असे. कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाई. आणि घर मोडले तर लाकूड दुसऱ्या घराला लागे, उरलेले मातीत मिसळून जाई.

बदल घडला तो लोकांची आवड पालटली म्हणून नव्हे. १८७८ च्या वन कायद्याने आणि पुढे १९२७ च्या कायद्याने राखीव वनांवर सरकारचा ताबा पक्का केला. १९०० पर्यंत सुरत-अमळनेर हा तापी खोऱ्यातील लोहमार्ग नवापूर व नंदुरबारवरून पूर्ण झाला आणि या भागातील लाकडाला दूरची बाजारपेठ जवळची झाली. ज्या सागाचा खांब आजोबाने निःशंकपणे आणला, तोच नातवाने आणला की गुन्हा ठरू लागला. घराचे साहित्य पाच मैलांतच होते. त्यावरचा हक्क तेवढा दूर गेला होता.

त्यानंतर सरदार सरोवर आले. महाराष्ट्रातील ३३ गावे त्याच्या बुडित क्षेत्रात गेली, ती सारी याच दोन तालुक्यांतील. १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीच्या घरांपर्यंत पाणी पोहोचले. त्यावेळी हा प्रदेश धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. विस्थापितांच्या वसाहतींसाठी तळोद्याच्या बाजूची सुमारे ४,२०० हेक्टर वनजमीन मोकळी करण्यात आली, म्हणजे रानातल्या माणसांना वसविण्यासाठी आणखी एक रान गेले. अनेक कुटुंबांनी जुनी घरे उतरवून त्यांचे सागाचे खांब, वासे आणि कौले सोबत नेली. नव्या ठिकाणी तसे लाकूड मिळणार नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

याच काळातील बिलगावची हकीकत आमच्या वाचकांनी ऐकली नसेल, तर ती अवश्य ऐकावी. अक्राणी तालुक्यातील या गावी उदई नदीच्या धबधब्यावर २००३ मध्ये सुमारे १५ किलोवॅटचे छोटे जलविद्युत केंद्र सुरू झाले. केरळच्या 'पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी'च्या तरुण अभियंत्यांनी आराखडा केला, नर्मदा बचाव आंदोलनाने संघटन केले, आणि बंधारा व कालवा गावकऱ्यांनी श्रमदानाने उभा केला. जुन्या लाहचीच ही नवी रीत. मोठ्या धरणाची वीज ज्या घरांत आली नव्हती, त्या घरांत स्वतःच्या नदीचा दिवा लागला. २००६ च्या पुरात आणि बुडितात ते केंद्र गेले.

२००६ सालच्याच वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले आणि त्यावर ग्रामस्थांचा हक्क मान्य केला. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला, तेव्हा या तरतुदीचे मोल उघड झाले. कुडाची ताटी पुन्हा कायदेशीर झाली म्हणावयाचे. साग मात्र इमारती लाकूड असल्याने या तरतुदीत बसत नाही. खांबाचा प्रश्न तसाच राहिला.

आज डोंगरातही घरकुले उभी राहत आहेत. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचे क्षेत्र किमान २५ चौरस मीटर ठरले आणि डोंगराळ भागासाठी १ लाख ३० हजार रुपयांचे साहाय्य ठेवले गेले. गळके छप्पर सोसलेल्या मातेला पक्क्या घराची ओढ वाटते, तिला मातीच्या भिंतीचा उपदेश करण्याचा अधिकार स्लॅबखाली राहणाऱ्या आम्हांसारख्यांना नाही. परंतु सिमेंट तयार करताना चुनखडी भाजावी लागते आणि त्या भट्टीतून अपार कर्बवायू बाहेर पडतो, हेही खरे आहे. वसईच्या आपल्या बांधवांना हा पेच नवा नाही. कौलारू घर उतरवून इमारत उभी करताना विहिरी आणि वाडीचे काय होते, हे त्यांनी पाहिले आणि १९८८ मध्ये हरित वसई संरक्षण समिती स्थापन झाली ती त्याच वेदनेतून.

नंदुरबारच्या पाड्यांवर लोकांनी यातून आपल्यापुरती वाट काढलेली आम्ही पाहतो. पुढे विटा-सिमेंटची खोली असते. तीत कागदपत्रे, दूरदर्शन संच आणि पाहुणे. तिच्या पाठीला टेकून कुडाची पडवी असते. तिचे खांब बहुधा जुन्या घरातले, आणि कणगी, चूल, गुरे व उन्हाळ्यातील दुपारची झोप अजून तिथेच आहे.