हौदापासून नळापर्यंत



विहाराच्या वर्धापनदिनी स्मरणिकेत नळा-पाण्याचं कशाला, असं काही बंधू म्हणतील. परंतु आपला लढाच मुळी पाण्यापासून पेटला, हे विसरून कसं चालेल?

पुण्याला पाण्याचा तुटवडा नव्हता. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने शहरात आणले. पेठांतून हौद झाले. पण आपल्या माणसाने त्या हौदाला शिवायचे नाही. कोणी वरून ओंजळीत ओतले तर प्यायचे, नाहीतर तसेच पुढे जायचे. १८६८ साली महात्मा जोतिराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. नुसते भाषण ठोकले नाही, घरचे पाणी दिले! गंज पेठेतील त्यांचा वाडा आज समताभूमी म्हणून जतन केलेला आहे. मुलाबाळांना एकदा तिथे जरूर न्यावे.

एक घर खुले झाले, सरकारी पाणवठे मात्र बंदच होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी खर्चाच्या विहिरी, पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले, पण कागदावर! महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला, तरी चवदार तळ्याला हात लावता येईना. शेवटी २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांना हजारोंसह तिथे जाऊन पाणी प्यावे लागले. कोर्टाचा अंतिम निकाल लागायला १९३७ साल उजाडले. पुढे संविधानाच्या कलम १५ मध्येच विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा उल्लेख आला.

या इतिहासातून आम्ही एकच गोष्ट शिकलो. हक्क कागदावर येतो, पाणी मात्र आपण जाऊन आणावे लागते.

आज जातीचे नाव कोणी घेत नाही. आज विचारतात, वस्ती घोषित आहे का? पुरावा कोणत्या सालचा? १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याचा हेतू सुधारणेचा आहे. पण घोषित-अघोषितच्या घोळात गरिबाची घागर रिकामीच राहते. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की घर बेकायदा असले तरी माणसाला पाणी नाकारता येत नाही. आणि पुण्यात काय घडले? २७ सप्टेंबर २०१८ रोजी जनता वसाहतीजवळ मुठा कालव्याची भिंत फुटली. दांडेकर पुलाच्या वस्तीत घरेच्या घरे पाण्यात गेली. उशाला कालवा, पण नळाला धार नाही, ही गत किती वस्त्यांची आहे!

आम्ही गिरणीत रातपाळी करून पहाटे घरी यायचो, तेव्हा आयाबहिणी हंडे-कळशा घेऊन नंबर लावून उभ्या असायच्या. नळ आला तो त्यांच्या रेट्यामुळे. आम्ही अर्ज लिहिले, पण दारात ठिय्या देऊन बसल्या त्या! आजही वस्तीच्या वरच्या टोकाला धार पोहोचत नाही.

म्हणून आमची एक सूचना आहे. विहारात पाण्याची एक वही ठेवावी. कोणत्या वारी, किती वाजता, किती वेळ पाणी आले, हे रोज लिहावे. दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच तिथे चिकटवावी. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. तारखेनिशी लिहिलेली तक्रार साहेबाला टाळता येत नाही. वही लिहायचे काम शाळेतल्या मुलामुलींनी घ्यावे.

जयभीम! जय भारत!