लाट, दोर आणि खोल पाणी : बोयाला टांगलेल्या उपकरणांच्या स्थैर्याचा इतिहास

समुद्राच्या पृष्ठभागावर एक बोया तरंगत ठेवावा, त्याला दोर बांधावा आणि दोराच्या टोकास एखादे उपकरण इष्ट त्या खोलीवर सोडावे, ही मांडणी वरकरणी अगदी सरळ दिसते. परंतु विसाव्या शतकातील समुद्रविज्ञानाला ज्या अडचणींनी दीर्घकाळ छळले, त्यांपैकी एक ह्याच सरळ मांडणीत दडलेली होती. बोया लाटेवर चढतो आणि उतरतो. त्याच्याबरोबर दोर आणि दोराबरोबर उपकरणही वरखाली होते. मग उपकरणाने जी नोंद केली ती समुद्राची, की त्याच्या स्वतःच्या हालचालीची, हा प्रश्न उपस्थित होतो. ह्या प्रश्नाला निरनिराळ्या काळी कोणकोणती उत्तरे मिळाली आणि त्या सर्वांच्या मुळाशी कोणते समान तत्त्व होते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक विसंगती ध्यानात घेतली पाहिजे. लाटेचा प्रभाव खोलीबरोबर झपाट्याने ओसरतो, हे १८०२ मध्ये प्राग येथील गेर्स्टनर ह्याने गणिताने दाखविले होते. दहा सेकंद आवर्तकालाची लाट खोल समुद्रात सुमारे १५६ मीटर लांबीची असते. तरंगलांबीच्या निम्म्या, म्हणजे ७८ मीटर खोलीवर पाण्याच्या कणांची हालचाल पृष्ठभागावरील हालचालीच्या तेविसाव्या हिश्श्याइतकीच उरते. तात्पर्य, उपकरण ज्या पाण्यात टांगलेले असते ते पाणी बव्हंशी शांतच असते. त्या शांततेत पृष्ठभागावरील खळबळ नेऊन पोहोचवितो तो आपणच बांधलेला दोर होय.

ह्या दोषाची तीव्र जाणीव प्रथम ध्वनिमापनाच्या क्षेत्रात झाली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी विमानातून टाकता येईल असा ध्वनिग्राहक बोया असावा, ही कल्पना १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये पुढे आली. मार्च १९४२ मध्ये अमेरिकेतील न्यू लंडनजवळ के-५ हे हवाई जहाज आणि एस-२० ही पाणबुडी ह्यांच्या साहाय्याने अशा बोयाचे प्रात्यक्षिक झाले. बोयाखाली टांगलेला हायड्रोफोन पाणबुडीच्या पंख्याचा आवाज टिपी आणि बोयातील प्रक्षेपक तो रेडिओद्वारे विमानास कळवी. पंख्याचा मोठा आवाज ऐकावयाचा होता तोवर हे साधन कामाचे ठरले. परंतु युद्धोत्तर काळात पाणबुड्या अधिकाधिक शांत होत गेल्या. त्यांचा माग काढण्यासाठी अतिशय मंद व नीच कंप्रतेचे ध्वनी ऐकण्याची निकड निर्माण झाली आणि तेथे लाट आडवी आली.

अडचणीचे प्रमाण एका साध्या हिशेबावरून कळते. समुद्रात एक मीटर खाली गेले की दाब सुमारे दहा हजार पास्कलने वाढतो. म्हणजे हायड्रोफोन केवळ एक सेंटिमीटर हलला, तरी त्याच्यावरील दाब शंभर पास्कलने बदलतो. उलटपक्षी, जो ध्वनी ऐकावयाचा त्याचा दाब पास्कलचा अत्यल्प अंश असतो. लाटेची कंप्रता ध्वनीच्या कंप्रतेहून पुष्कळ कमी असल्यामुळे गाळणी लावून ती वेगळी काढता येईल, असा युक्तिवाद करता येतो व तो अंशतः खराही आहे. परंतु एवढ्या मोठ्या दाबबदलाने प्रवर्धक आपल्या मर्यादेबाहेर जातो. शिवाय हलणाऱ्या उपकरणाभोवती पाण्याचे भोवरे उठतात आणि सैल पडलेला दोर पुन्हा ताणला जाताना हिसका बसतो. ह्यातून निर्माण होणारा गोंगाट नेमका ऐकावयाच्या ध्वनीच्या पट्ट्यात येऊन मिसळतो.

ह्यावर पहिला स्वाभाविक उपाय म्हणजे दोराऐवजी स्प्रिंग अथवा लवचीक रबरी दोर वापरणे. टांगलेल्या वस्तूचा नैसर्गिक दोलनकाल लाटेच्या आवर्तकालाहून पुष्कळ मोठा असेल, तर लाटेची हालचाल तिच्यापर्यंत फारशी पोहोचत नाही. दोलनकाल वीस सेकंद ठेवला, तर अवमंदन दुर्लक्षिता दहा सेकंदांच्या लाटेचा एक तृतीयांश आणि पाच सेकंदांच्या लाटेचा पंधरावा हिस्साच उपकरणास जाणवतो. तत्त्व निर्दोष आहे. परंतु स्प्रिंगला टांगलेल्या वस्तूचा दोलनकाल वीस सेकंद व्हावयाचा, तर तिच्या स्वतःच्या भाराने ती स्प्रिंग सुमारे शंभर मीटर ताणली गेली पाहिजे! हवेत ही गोष्ट अशक्यप्रायच म्हणावी लागेल.

पाण्यात ती शक्य होते, आणि त्याचे कारण शोधू गेल्यास आपणास लंबकांच्या इतिहासात शिरावे लागते. पाण्यात झुलणारा लंबक केवळ आपल्या उद्धरणामुळेच मंदावतो असे नसून, आपल्याबरोबर काही पाणी हालविल्यामुळे त्याची जडताही वाढते, हे फ्रान्समधील द्यु ब्यूआ ह्याने १७८६ मध्ये नोंदविले होते. सेकंद-लंबकाची लांबी अचूक ठरविताना १८२८ मध्ये बेसेल ह्यालाही स्वतंत्रपणे तोच परिणाम हिशेबात घ्यावा लागला. भोवतालच्या प्रवाहीने जणू वस्तूला बहाल केलेल्या ह्या अधिक जडतेस आज ‘संलग्न वस्तुमान’ म्हणतात. बेसेलच्या लेखी ती मापनातून वजा करावयाची एक अशुद्धी होती. बोयाच्या रचनाकारांनी शतकाहून अधिक काळानंतर त्याच अशुद्धीला कामास लावले.

एक मीटर व्यासाची पातळ, आडवी तबकडी पाण्यात वरखाली होऊ लागली, तर आदर्श प्रवाहीच्या गणिताप्रमाणे ती सुमारे ३४० किलोग्रॅम पाण्याची जडता धारण करते. मग तिचे स्वतःचे वजन कितीही थोडे असो. उपकरण व तबकडी मिळून पाण्यातील भार दोनच किलोग्रॅम राहील अशी योजना केली, तर वीस सेकंदांच्या दोलनकालासाठी रबरी दोराला सुमारे साठ सेंटिमीटर ताण पुरतो. शंभर मीटरांवरून आपण साठ सेंटिमीटरांवर येतो, ते केवळ भार आणि जडता ह्यांची पाण्यात ताटातूट करता येते म्हणून. वर बोया, खाली रबरी दोर, त्याखाली तबकडी किंवा कापडी जल-नांगर आणि सर्वांत खाली बारीक तारेला हायड्रोफोन, ही मांडणी पुढे ध्वनिग्राहक बोयांत रूढ झाली, तिचे रहस्य हे आहे.

लाट शमली तरी दोराचा उपद्रव संपत नाही. वाऱ्याने बोया वाहू लागला की दोर पाण्यातून ओढला जातो आणि त्याच्या मागे आळीपाळीने भोवरे सुटतात. वाऱ्यात तारा का गुणगुणतात, ह्याचा अभ्यास स्ट्रौहाल ह्याने १८७८ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्याचा नियम येथेही लागू पडतो. तीन मिलिमीटर जाडीची तार सेकंदाला तीस सेंटिमीटर वेगाने पाण्यातून गेली, तर ती सुमारे वीस हर्ट्‌झ कंप्रतेने थरथरते. म्हणून तारेवर केसांसारखे तंतू बसवून भोवऱ्यांची सुसंगती मोडण्याची युक्ती योजिली गेली.

दुसरा मार्ग बोयालाच लाटेविषयी उदासीन करण्याचा होता. अमेरिकेतील स्क्रिप्स संस्थेच्या सागरी भौतिकी प्रयोगशाळेत फ्रेड फिशर आणि फ्रेड स्पीस ह्यांनी सिद्ध केलेली ‘फ्लिप’ ही नौका १९६२ मध्ये पाण्यात उतरली. तिची लांबी १०८ मीटर होती व तिला स्वतःचे प्रचालक इंजिन नव्हते. तिला आडवी ओढत नेत आणि टाक्यांत पाणी भरून उभी करीत. तेव्हा तिचा सुमारे ९१ मीटर भाग पाण्याखाली राही. पाण्याच्या रेषेजवळ तिचा व्यास ३.८ मीटर, तर खाली ६ मीटर होता. लाट चढली तरी एवढ्या अरुंद कमरेवर तिला पकड मिळत नसे. सुमारे दोन हजार टनांचा देह मात्र खालच्या शांत पाण्यात असे. त्यामुळे तिचा उभा दोलनकाल सुमारे २७ सेकंद भरे. लाटांपासून अलिप्त राहण्यासाठी बांधलेल्या ह्याच नौकेचा उपयोग वॉल्टर मंक ह्यांनी १९६३ मध्ये पॅसिफिक ओलांडणाऱ्या लाटांच्या अभ्यासासाठी केला, हे अन्वर्थकच म्हटले पाहिजे. २०२३ मध्ये ही नौका सेवेतून निवृत्त झाली.

ध्वनीच्या बाबतीत दोष निदान कानाला कळतो. प्रवाहमापनात तो सत्याचे रूप घेऊन येतो, आणि म्हणून तो अधिक घातक होय. प्रवाहमापकांत पुष्कळ काळ वापरले गेलेले साव्होनियस चक्र पाणी कोणत्याही बाजूने आले तरी एकाच दिशेने फिरते. लाटेमुळे उपकरण मागेपुढे झाले, की येणे आणि जाणे परस्परांस छेदण्याऐवजी त्यांची बेरीज होते. जेथे प्रवाह नाही तेथेही वेग नोंदला जातो. वुड्‌स होल येथील संशोधकांनी १९६० नंतरच्या दशकात नांगरलेल्या बोयांवरून दीर्घकालीन नोंदी घेण्यास आरंभ केला. पृष्ठभागावरील बोयाला टांगलेली मापके पृष्ठभागाखालील बोयांवरच्या मापकांपेक्षा अधिक वेग दाखवितात, हे गूल्ड आणि साम्बुको ह्यांच्या १९७५ च्या तुलनेने स्पष्ट झाले. ह्यावर उपायही दोन दिशांनी झाले. १९८० मध्ये वेलर आणि डेव्हिस ह्यांनी असे मापक वर्णिले की, ज्याच्या काटकोनात बसविलेल्या पंख्यांत येणारे-जाणारे पाणी खरोखरच परस्परांस छेदते. दुसरा उपाय म्हणजे बोयाच पृष्ठभागाखाली नेणे. ह्या विचाराची परिसीमा जॉन स्वॅलो ह्यांनी १९५५ मध्येच गाठली होती : त्यांचा तरंगक ठराविक खोलीवर पाण्याइतकाच घन राहून पाण्याबरोबर वाहत असे. पृष्ठभागाशी त्याचे नाते फक्त ध्वनिसंकेताचे होते. दोरच उरला नव्हता.

गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या सागरी उतारावर बसविलेली ध्वनिप्रवाहमापके अशाच पृष्ठभागाखालील बोयांवर असतात. मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत अरबी समुद्राचे रूप ज्याने पाहिले आहे, त्यास ह्या निवडीचे कारण निराळे सांगावयास नको.

ह्या सर्व उपायांकडे एकत्र पाहता दिसते की, लाटेशी बळाने झुंजून कोणालाही यश लाभले नाही. रबरी दोराने, अरुंद कमरेने किंवा दोर तोडून पृष्ठभागाशी असलेले नाते सैल केले गेले. तबकडीने, बुडालेल्या देहाने किंवा समान घनतेने खोल पाण्याशी असलेले नाते दृढ केले गेले. ज्याचे मापन करावयाचे त्याच्याशीच उपकरण बांधलेले असावे, निरीक्षकाच्या सोयीच्या जागेशी नव्हे, हा ह्या इतिहासाचा निष्कर्ष होय. आपल्या नोंदवहीतील आकड्यांवर विश्वास ठेवण्यापूर्वी आपला दोर कोठे बांधलेला आहे, हे समुद्रविज्ञानाच्या विद्यार्थ्याने तपासून पाहिले पाहिजे.