अंगवात, चंक्रमण आणि वेदनेचे कारण : विनयपिटकातील एक दुर्लक्षित प्रकरण

भगवान बुद्धांची मूर्ती म्हटली की ताठ पाठकणा आणि स्थिर पद्मासन आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. पाली तिपिटकातील बुद्धांची पाठ मात्र दुखते. मज्झिमनिकायाच्या सेखसुत्तात कपिलवस्तूच्या शाक्यांनी नव्याने बांधलेल्या सभागृहात तथागत रात्री बराच वेळ उपदेश करतात आणि नंतर पुढील उपदेशाची जबाबदारी आनंदावर सोपवितात. आपली पाठ दुखत आहे, तिला थोडा विसावा द्यावयाचा आहे, असे ते सर्वांसमक्ष सांगतात. दीघनिकायाच्या संगीतिसुत्तात पावा येथे हाच प्रसंग पुन्हा येतो. तेथे उपदेश सारिपुत्त करतो. संयुत्तनिकायात तर सावत्थीच्या पूर्वारामात उतरत्या उन्हात पाठ शेकीत बसलेले वृद्ध बुद्ध दिसतात. आनंद त्यांचे हातपाय चोळून देत आहे आणि शरीर पुढे झुकले, कातडी सुरकुतली, हे त्याला जाणवत आहे. संगीतिकारांनी हे प्रसंग गाळले नाहीत. शास्ता मनुष्य होता आणि मनुष्याचे सांधे झिजतात, हे त्यांनी कमीपणाचे मानले नाही.

हाडे, सांधे व स्नायू यांच्या दुखण्याकडे प्राचीन भिक्खुसंघाने कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यात दोन प्रश्न येतात. वेदनेचे कारण कोणते मानले गेले? आणि तिच्यावर उपाय कसा शोधला गेला?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर संयुत्तनिकायाच्या वेदनासंयुत्तात आहे. राजगृहाच्या वेळुवनात मोलियसीवक नावाचा परिव्राजक भगवंतांना विचारतो की, माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकृत कर्मामुळेच भोगतो, असे काही श्रमणब्राह्मण म्हणतात. आपले मत काय? तथागत वेदनेची आठ कारणे सांगतात : पित्त, कफ, वात, या तिघांचा संयोग, ऋतुपालट, शरीराची विषम हाताळणी, बाहेरून झालेला आघात आणि शेवटी कर्मविपाक. सर्वच वेदना पूर्वकर्माची फळे मानणारे लोक स्वतःच्या अनुभवाची व जगाने सत्य मानलेल्या गोष्टींचीही मर्यादा ओलांडतात, असा निर्वाळा ते देतात. आठांपैकी सात कारणे याच देहाची, याच ऋतूची आणि याच समाजाची आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे.

यांतील सहावे कारण, म्हणजे विषमपरिहार, विशेष विचारार्ह आहे. आचार्य बुद्धघोषांच्या नावे असलेल्या पाचव्या शतकातील अट्ठकथेत त्याची उदाहरणे दिली आहेत. जड ओझी वाहणे आणि चुना कुटणे ही त्यांतील पहिली होत. अवेळी फिरताना सर्पदंश होणे, खड्ड्यात पडणे ही नंतर येतात. अट्ठकथाकाराला शरीराच्या विषम हाताळणीचे उदाहरण हवे होते, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर प्रथम हमाल आणि चुना कुटणारा मजूर आला. मजुराच्या कमरेचे दुखणे कर्मविपाकाच्या रकान्यात न घालता ते श्रमाच्या रकान्यात घातले गेले. बौद्ध वाङ्मयातील ही लहानशी नोंद आपल्या दृष्टीने फार मोलाची आहे.

आता दुसरा प्रश्न. महावग्गाच्या भेसज्जक्खन्धकात आयुष्मान पिलिंदवच्छ यांच्या आजाराची हकीकत आहे. त्यांना वातव्याधी जडली. वैद्यांनी औषधी तेल शिजवून घ्यावयास सांगितले व भगवंतांनी त्यास अनुमती दिली. त्या तेलात मद्य मिसळावे लागे. काही भिक्खूंनी ते प्रमाणाबाहेर मिसळले आणि त्यांना नशा चढली. तेव्हा मद्याचा रंग, गंध व चव जाणवणार नाही इतकेच प्रमाण ठेवावे, असा नियम झाला. अधिक मद्य पडलेले तेल अंगाला चोळण्यासाठी वापरावे, असे ठरले. पुढे त्यांच्या अवयवांत वात शिरला, म्हणजे अंगवात झाला. प्रथम साधे स्वेदन, म्हणजे घाम आणण्याचा उपचार, सुचविला गेला. गुण आला नाही. मग वनस्पतींचा पाला वापरून केलेले संभारस्वेद आले. तरी गुण नाही. मग महास्वेद : पुरुषभर लांबीचा खड्डा निखाऱ्यांनी भरून त्यावर माती-वाळू टाकायची, वातहारक पाने अंथरायची आणि तेल लावलेल्या रुग्णाने कूस पालटत त्यावर पडून राहायचे, असे त्याचे वर्णन समन्तपासादिका करते. त्यानेही भागले नाही, तेव्हा पाला उकळलेल्या पाण्याचा शेक आणि अखेरीस गरम पाण्याने भरलेल्या पात्रात बसणे, अशी अनुमती मिळाली. सांध्यांत वात शिरला तेव्हा रक्त काढणे आणि नंतर शिंगाने रक्त ओढणे हे उपाय झाले. पाय फुटले तेव्हा पायांना तेल लावण्याची मुभा मिळाली.

या कथनाची रचना पाहण्यासारखी आहे. उपाय करावा, परिणाम पाहावा, गुण आला नाही हे निःसंकोच सांगावे आणि मग पुढचा उपाय करावा, असा हा क्रम आहे. फसलेला उपाय नोंदीतून पुसला गेला नाही. रुग्णाची श्रद्धा कमी पडली, असे कोणी म्हटले नाही. मंत्र, होम वा प्रायश्चित्त यांचे येथे नावही नाही. नियम रुग्णासाठी बदलला. नियमासाठी रुग्णाला सोसावे लागले नाही. केनेथ झिस्क या अभ्यासकाने १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, भारतीय वैद्यकाच्या जडणघडणीत श्रमणपरंपरेचा, विशेषतः बौद्ध विहारांचा, वाटा मोठा आहे. त्यांचे सर्व निष्कर्ष सर्वांना मान्य होतील असे नाही. परंतु पिलिंदवच्छांची हकीकत वाचताना त्या मताचे बळ जाणवते.

उपचाराइतकाच प्रतिबंधाचाही विचार संघाने केला. चुल्लवग्गात कथा आहे ती वैशालीची. तेथे उपासकांच्या घरी लागोपाठ पक्वान्नांची भोजने होऊ लागली आणि भिक्खू जड व आजारी झाले. कामानिमित्त आलेल्या जीवक कोमारभच्च याने ते पाहिले आणि संघाला चंक्रमण, म्हणजे येरझारा घालण्याची जागा, व जंताघर, म्हणजे उष्ण स्नानगृह, यांची अनुमती द्यावी, अशी विनंती केली. ती मान्य झाली. पुढचा तपशील एखाद्या बांधकामाच्या नोंदवहीसारखा आहे. उंचसखल जमिनीवर चालून पाय दुखू लागले, तेव्हा जमीन सपाट करण्याची अनुमती मिळाली. चंक्रमण सखल असल्याने पाण्याखाली जाई. म्हणून ते उंच करून विटा, दगड किंवा लाकूड यांनी बांधून काढण्यात आले. चढताना त्रास होऊ लागला, तेव्हा पायऱ्या व आधाराचा कठडा आला. भिक्खू पडू लागले, तेव्हा भोवती वेदिका आली. थंडी-उन्हाने त्रास झाला, तेव्हा चंक्रमणशाला बांधली गेली. अंगुत्तरनिकायाच्या पाचव्या निपातात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत : दूरचा प्रवास सोसतो, साधनेचे श्रम सोसतात, आजार कमी होतात, अन्न नीट पचते आणि प्राप्त झालेली समाधी दीर्घकाळ टिकते. सारनाथ येथे कनिष्काच्या तिसऱ्या राज्यवर्षात भिक्खू बल याने उभारलेल्या बोधिसत्त्वप्रतिमेवरील लेखात भगवंतांच्या चंक्रमणस्थानाचा उल्लेख आहे. तथागत जेथे चालले ती जागाही पूजनीय ठरली होती.

अडीच हजार वर्षांनंतरचे संशोधन काय सांगते? विसाव्या शतकात दीर्घकाळ कंबरदुखीच्या रुग्णाला अंथरुणावर पडून राहण्याचा सल्ला दिला जात असे. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी नगरपालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला दोन दिवस पूर्ण विश्रांती, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम आणि तिसऱ्याला झेपेल तशी नेहमीची हालचाल, अशी विभागणी होती. नेहमीची हालचाल चालू ठेवणारे लवकर बरे झाले. २०२४ साली ‘द लॅन्सेट’ मध्ये ऑस्ट्रेलियातील ७०१ व्यक्तींवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या या व्यक्तींपैकी एका गटाला फिजिओथेरपी म्हणजे भौतिकोपचार करणाऱ्या तज्ज्ञांनी टप्प्याटप्प्याने चालावयास शिकविले. त्यांचे दुखणे पुन्हा उद्भवण्यास मध्यमानाने २०८ दिवस लागले. ज्यांना हे मार्गदर्शन नव्हते त्यांच्यात ११२ दिवस. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूत्रे दिली. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असे त्या वेळी सांगण्यात आले. या सूत्रांत शिक्षण व व्यायाम यांना स्थान आहे. कमरेचे पट्टे आणि वजन लावून ताण देणे यांची शिफारस नाही.

यावरून सर्व शोध आमच्या ग्रंथांत आधीच होते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. तो इतरांचा मार्ग आहे, आपला नव्हे. विनयातील रक्तमोक्षणाला आज सांधेदुखीवरचा उपाय म्हणून आधार नाही. एका पिलिंदवच्छाला गुण आला की नाही, यावरून सिद्धान्त होत नाही. त्यासाठी तुलनेचे गट लागतात, आकडे लागतात. परंतु फसलेला उपाय फसला म्हणून नोंदविण्याची वृत्ती दोन्हींकडे समान आहे आणि आपला वारसा त्या वृत्तीचा आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा वारसा ओळखला होता. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त कठोरपणे तपासला. गरिबांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने व समाजाने झटकावी, एवढाच त्याचा उपयोग दिसतो, असे त्यांचे म्हणणे आहे. मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या विधेयकातून १९४६ साली कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. श्रमाने होणाऱ्या दुखण्यावरचा उपाय श्रमाच्या अटी बदलण्यात आहे, हाच त्याचा अर्थ. महाराष्ट्राचा १९६९ चा माथाडी कायदा त्याच वाटेवरचा आहे. स्वतः बाबासाहेब मधुमेह व पायांच्या वेदनांनी जर्जर झाले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर ते काठी व सहकाऱ्याचा आधार घेऊन व्यासपीठावर चढले, हे आपल्यापैकी वयोवृद्धांनी पाहिलेले वा ऐकलेले आहे.

शेवटी एक घरचीच गोष्ट. आपल्या विहारांत वंदनेच्या वेळी कितीतरी वृद्ध उपासिका दाराशी उभ्या राहतात. आयुष्यभर ओझी वाहून, खडी फोडून, शेतात वाकून त्यांचे गुडघे गेलेले असतात. त्यांना जमिनीवर बसता येत नाही आणि खुर्चीवर बसणे धम्माचा अनादर होईल, असे त्यांना वाटते. कधी तसे सांगितलेही जाते. पातिमोक्खाच्या सेखिय नियमांत धम्मदेशनेविषयी १६ नियम आहेत. खाली बसून उच्चासनावरील श्रोत्याला उपदेश करू नये, हा त्यांपैकीच एक. पण त्या प्रत्येक नियमात ‘अगिलान’ हा शब्द आहे. श्रोता आजारी नसेल तरच नियम लागू होतो. दुखऱ्या गुडघ्यांची उपासिका खुर्चीवर बसून धम्म ऐकू शकते. ही सवलत कोणा आधुनिकाने दिलेली नाही, ती विनयानेच दिलेली आहे.

तेव्हा प्रत्येक विहारात चार खुर्च्या असाव्यात, पायरीला कठडा असावा आणि अंगणात सपाट चंक्रमण असावे. जीवकाच्या विनंतीवरून संघाने जे वैशालीत केले, ते आपल्या वस्तीत करणे अवघड नाही.