स्वरसाधना, मुलांची

गाणे शिकणाऱ्या मुलांचा दमसास वाढावा, आवाज सुरात स्थिर लागावा आणि घशावर ताण येऊ नये, यासाठी करून घेतला जाणारा अभ्यास. महाराष्ट्रातील गाण्याच्या वर्गांत श्वासाचा वेगळा तास सहसा नसतो. आकार, ओंकार, अलंकार आणि पलटे यांतूनच तो शिकवला जातो. तानपुऱ्याच्या साथीने मूल षड्जावर आकार लांबवते, तेव्हा खांदे न उचलता पोट व खालच्या बरगड्या फुलवून श्वास घ्यायचा आणि तो पुरवून वापरायचा, ही सवय त्याला लागते. अलंकारांत श्वास कोठे घ्यायचा हे लयच ठरवते; म्हणून लहानांसाठी अलंकार हाच सर्वांत चांगला श्वासाभ्यास होय. श्वास रोखून धरण्याचे व्यायाम या वयात नकोत.

पूर्वी तालीम एकेका शिष्याला गुरूसमोर बसवून मिळे. विष्णू दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि वर्गशिक्षण रुजवले. पुण्यात भास्करबुवा बखले यांचा भारत गायन समाज (१९११) आणि विनायकराव पटवर्धनांचे गांधर्व महाविद्यालय (१९३२) उभे राहिले. आज मूल पेठांतले असो वा येरवड्यातले, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेला बसले की अभ्यासक्रम एकच असतो. गाणे घरोघरी पोचले ते या व्यवस्थेमुळे, आणि हे ऋण मोठे आहे. मात्र वर्गात सर्वांना एकच पट्टी मिळते, आणि मुलांच्या आवाजाचे बहुतेक नुकसान तिथेच होते.

मुलांचे स्वरतंतू आखूड व पातळ असल्याने त्यांचा आवाज निसर्गतःच उंच असतो. शिक्षकाच्या ‘काळी एक’ या खालच्या पट्टीत मंद्र सप्तकात उतरताना मूल गळा दाबते. स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात तेच मूल ओरडते. मोठ्यांच्या रियाजातला पहाटेचा खर्ज लहानांवर लादू नये. मुलाच्या सोयीची पट्टी शोधणे हे शिक्षकाचे पहिले काम.

साधारण बारा ते पंधरा या वयात मुलग्यांचा आवाज फुटतो आणि जवळजवळ एक सप्तक खाली येतो. मुलींचाही थोडा बदलतो. या काळात गाणे बंद करण्याची गरज नाही. सोयीच्या तीनचार स्वरांत, हलक्या आवाजात, थोडा वेळ गावे. तारसप्तकाचा हट्ट सोडावा.

पलुसकरांचे शिष्य बी. आर. देवधर यांनी मुंबईत शिकवताना आवाजाच्या शास्त्राचा आवर्जून अभ्यास केला; अशोक दा. रानडे यांनी पुढे आवाजसाधनेचा विचार गायनाबरोबर रंगभूमी आणि भाषणापर्यंत नेला. ध्वनिमुद्रिका ऐकून थोर गवयांची गायकी हुबेहूब उभी करणारे बालगायक कुमार गंधर्व (१९२४–९२) देवधरांकडेच शिकले. अनुकरणातून मूल झपाट्याने शिकते, पण प्रौढ गवयाचा भरदार आवाज काढू पाहताना त्याचा गळा आवळतो. मुलाला गायकी घेऊ द्यावी, आवाज त्याचा स्वतःचाच राहू द्यावा.

सतत ओरडणाऱ्या मुलांच्या स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात. घसा बसल्यावर रियाज थांबवावा. दोनतीन आठवड्यांत आवाज सुधारला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे.